उंबऱ्याबाहेरचं ताट

बारामतीला तीन दिवस फिरायला चालले आहे असं म्हटल्यावर दापोलीतल्या आमच्या आळीत जो तो एकच प्रश्न विचारी, "कुणाकडे?" कुणाकडे नाही, नुसतीच फिरायला, असं सांगितलं की समोरचा माणूस काळजीत पडे. फिरायला माणसं महाबळेश्वरला जातात, गोव्याला जातात. आमच्याकडे तर बाकीचेच फिरायला येतात, त्यामुळे आपण कुठे जायचं असतं हेच कुणाला ठाऊक नसतं. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तिथे आहे काय?" तेच बघायला जाते म्हटलं आणि बॅग भरली.

खरं कारण असं, की वीस-बावीस वर्षांपूर्वी शाळेच्या एका प्रशिक्षणासाठी मी बारामतीत चार दिवस काढले होते. त्या चार दिवसांतलं मला आठवतं ते म्हणजे पाकासारखा गोड चहा, रस्त्यावरची धूळ आणि कालव्याच्या कडेनं जाताना नाकाला लावलेला पदर. आता तोच कालवा बघायला संध्याकाळी गर्दी होते, काठाला बसायला जागा केल्या आहेत, खाण्यापिण्याच्या दुकानांची रांग लागली आहे, असं बऱ्याच जणांकडून ऐकत होते. गृहविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईला घराबाहेर पडायला एवढं कारण पुष्कळ झालं.

शुक्रवार, बारामती

लॉजवर बॅग टाकली आणि तडक कालव्याकडे निघाले. ऐकलं होतं ते खोटं नव्हतं. दोन्ही काठांना फरशीची चालायची वाट, मध्येमध्ये झाडं, दिव्याचे खांब. पाणी संथ वाहत होतं आणि त्याला वास नव्हता, हे मी मुद्दाम खाली वाकून खात्री करून घेतलं. वाटेच्या एका अंगाला नवे गाळे, सगळे एकाच उंचीचे, काचेच्या दारांचे. म्हाताऱ्या माणसांना आणि चाकाच्या खुर्चीला जाता यावं म्हणून प्रत्येकाची जमीन वाटेच्या पातळीला आणलेली. दापोलीत चार पायऱ्या चढल्याशिवाय कुठलंही दुकान येत नाही, त्यामुळे मला याचं कौतुक वाटलं.

आता जाणाऱ्यांच्या उपयोगाचं सांगते. चहा प्यायचा तर जुन्या बाजाराच्या तोंडाशी उभ्यानं प्यावा, तिथे अजून पातेल्यात उकळतात आणि आलं हातानं ठेचतात. गोड अजूनही पाकासारखाच आहे, साखर कमी सांगितली तर माणूस आपल्याकडे आजारी असल्यासारखं बघतो. सगळा मुलूख उसाचा, त्यांना साखर कमी म्हणजे काय ते कळावं तरी कसं. गाळ्यांच्या रांगेतल्या कॉफीच्या दुकानात गार कॉफी बरी मिळते, पण खुर्च्या इतक्या उंच की मला चढायला तिथल्या वाढणाऱ्या पोरीचा हात धरावा लागला. उसाचा रस मात्र चुकवू नका. आमच्याकडे बाहेरून आलेला वाळका ऊस चरकातून चारदा पिळतात. इथे एकदाच पिळतात आणि चिपाडं तशीच ओली टाकून देतात. मी दोन ग्लास प्याले आणि तिसरा केवळ लाजेनं सोडला.

दुपारी एक वाजता भूक लागली म्हणून रांगेतल्या शेवटच्या गाळ्याकडे गेले. पाटीवर फक्त "मटण, भाकरी, अळणी" एवढं लिहिलेलं. बाकी सगळे गाळे सपाट असल्यामुळे मी खाली न बघता आत शिरले आणि पायाचा अंगठा कशावर तरी असा आपटला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. सरळ जाऊन एका रिकाम्या टेबलावर हात टेकले म्हणून तोंड वाचलं.

खाली बघते तर लाकडी उंबरा. जुना, काळाभोर, मधोमध झिजलेला, हळदीकुंकवाची बोटं उमटलेला. तो बसवण्यासाठी काचेचं दार खालून चार बोटं कापून घेतलेलं. इतक्या नव्या जागेत हे लाकूड कुणी आणून ठेवलं, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. आतून पस्तिशीची एक बाई हळदीची वाटी घेऊनच धावत आली. रोज कुणी ना कुणी ठेचकाळत असणार, कारण वाटी हाताशीच होती. तिनं मला बसवलं आणि अंगठ्यावर हळद दाबली. ही सुवर्णा. हॉटेल तिचं, रांधणं तिचं. नवरा दत्ता गल्ल्यावर आणि वाढायला. दोघं मूळची इंदापूर तालुक्यातली.

जेवण आलं. ज्वारीची भाकरी, सुकं मटण, वाटीत रस्सा, आणि आधी प्यायला म्हणून अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं मसाल्याआधीचं पाणी. आमच्याकडे मटणात नारळ नसेल तर जेवण राहिलंय असं वाटतं. इथे नारळ असला तरी तो सुका, काळा होईस्तोवर भाजलेला, आणि मसाल्यात असा मिसळलेला की शोधून सापडायचा नाही. रस्सा पातळ, वर लाल तवंग. भाकरी कुस्करून त्यात बुडवायची आणि हातानं ओरपायची. पहिल्या घासाला ठसका लागला, दुसऱ्याला नाक वाहू लागलं, आणि त्यानंतर मी वाटी तीनदा भरून घेतली.

जेवण संपल्यावर सुवर्णा समोर येऊन बसली आणि तिनं विचारलं, काय कमी वाटलं? मी म्हटलं, काही नाही, छान होतं. तिचा चेहरा उतरला. सगळी छानच म्हणतात, म्हणाली. आणि मग बोलता बोलता तिनं जे सांगितलं ते असं.

तिचे वडील नामदेव आबा कळंबला असतात. घराण्यात पूर्वी मेंढरं होती, आता थोडी शेती आहे. पण पंचक्रोशीत आबांचं नाव आहे ते जत्रेच्या मटणासाठी. चाळीस वर्षं त्यांनी गावोगावच्या जत्रांत मोठमोठी पातेली उतरवली. ते रांधणं पुरुषांचं. चुलवणापाशी बायकांनी जायचं नाही. पोरीबाळींनी कांदा-लसूण सोलून लांबूनच द्यायचा. सुवर्णा लहानपणी सोललेल्या लसणाची पाटी घेऊन लांब बसायची आणि वडील काय केव्हा टाकतात ते बघायची. सगळं गाव जेवून उठलं की शेवटी आचारी एका परातीत एकत्र बसत. त्या परातीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, सरपंचानंसुद्धा. ती जे काही रांधते ते एवढ्या लांबून बघितलेलं. बरोबर आहे की नाही हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस, आणि तो माणूस तिच्याकडे जेवत नाही.

कारण ऐकल्यावर मला आधी हसू आलं आणि मग राग आला. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचा उंबरा ओलांडून जेवायचं नाही, हा रिवाज. आमच्याकडेही होता. माझे वडील माझ्या घरी पहिल्यांदा जेवले ते मुलीच्या बारशाला, आणि तोवरची दीड वर्षं मला त्यात गंमतच वाटली होती. सुवर्णाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. मूल नाही, आणि डॉक्टरांनी आता होणार नाही असं सांगितलंय, हे तिनं भाकरीचं पीठ संपलंय म्हणावं तितक्या सरळपणे सांगितलं.

पण हे तर हॉटेल, घर नाही, मी म्हटलं. तेव्हा तिनं उंबऱ्याकडे बोट केलं. दत्तानं पुढचं सांगितलं. गावाकडचं त्यांचं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा जुना उंबरा निघाला. सासूबाईंनी हौसेनं, धंद्याला लक्ष्मी लाभावी म्हणून, तो हॉटेलाला बसवायला दिला, आणि सुवर्णानं तितक्याच हौसेनं बसवला. उद्घाटनाला आबा मसाल्याची पिशवी घेऊन आले. लग्नापासून जो उंबरा त्यांनी ओलांडला नव्हता तोच दारात बघितला, त्याच्यावर नारळ ठेवला, आणि बाहेरच्या बाहेर परत गेले. तेव्हा समोर खणून ठेवलेलं होतं, क्षणभर टेकायलाही जागा नव्हती. आता उंबरा काढला तर सासूचा अपमान, ठेवला तर वडील यायचे नाहीत.

गाळ्याचा करार अकरा महिन्यांचा, तो संपत आला होता. सोमवारी नव्या करारावर सही करायची होती. सुवर्णा म्हणाली, "आबांनी एक घास खाऊन सांगितल्याबिगर मी सही करनार न्हाय. चुकीचं रांधून त्यांचं नाव कशाला घालवू? त्यापरीस बंद केल्यालं बरं."

दत्ता मान खाली घालून टेबल पुसत राहिला. हे त्यानं बरेचदा ऐकलेलं दिसत होतं. मी तिला दोन समजुतीच्या गोष्टी सांगून पाहिल्या, पण तिच्या डोक्यात शिरल्या नाहीत.

संध्याकाळी कालव्यावर भेळ खाल्ली (कैरी नसेल तर घेऊ नका), आणि सुवर्णाच्या हॉटेलासमोर मागच्याच महिन्यात बांधून झालेल्या नव्या दगडी कट्ट्यावर बसून माणसं बघितली. पूर्वी याच जागी मी पदर नाकाला लावून पळाले होते. आता अख्खी कुटुंबं डबे घेऊन येऊन बसली होती. अंगठा ठणकत होता. मी उद्या इंदापूरला जाणार असं दुपारी बोलून गेले होते, ते सुवर्णानं बरोबर लक्षात ठेवलं. ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, वाटंत कळंब लागतं. सकाळी येक डबा न्याल का?" बारामतीतल्या कुठल्यातरी हॉटेलातलं आहे असं सांगायचं, तिचं नाव घ्यायचं नाही, एवढं पढवून ती गेली.

शनिवार, कळंब आणि इंदापूर

प्रवासात दुसऱ्याचा डबा नेऊ नये. कडी कितीही घट्ट असली तरी रस्सा वाट काढतोच. भवानीनगर आलं तेव्हा कारखान्याच्या मळीचा वास बसमध्ये शिरला आणि त्यात माझ्या पिशवीतल्या मसाल्याचा वास मिसळला. शेजारची बाई आधी पिशवीकडे आणि मग माझ्याकडे बघू लागली. दोन्ही बाजूंना ऊस, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पुन्हा ऊस. आमच्याकडे दर वळणाला डोंगर आडवा येतो, इथे नजर कुठे टेकतच नाही. पहिली दहा मिनिटं बरं वाटतं.

कळंबला घर शोधावं लागलं नाही. आबांचं नाव घेतल्यावर एका दुकानदारानं हातातलं काम टाकून मला दारापर्यंत सोडलं. सत्तरीचा काटक माणूस, पांढरी टोपी, अंगणात बसून अ‍ॅल्युमिनियमच्या भल्यामोठ्या पातेल्याला राख लावत होता. जत्रांना अजून दोन महिने होते, पण आबा पातेलं असं घासत होते की उद्याच चुलवणावर चढवायचं असावं.

मी पढवलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. बारामतीत आले होते, एका हॉटेलात जेवले, तुमचं नाव ऐकलं, म्हटलं तुम्हाला चव दाखवावी. आबांनी हात धुतले, डबा उघडला, वाकून वास घेतला. बराच वेळ घेतला. मग झाकण लावून डबा माझ्याकडे सरकवला.

"सुवर्णीचं हाय न्हवं?"

तीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून दटावलेली बाई मी, पहिल्याच प्रश्नाला हो म्हणून बसले. आबा रागावले नाहीत. आज शनिवार, शनिवारी ते मटण खात नाहीत, असं म्हणाले. हे कारण होतं, पण तेवढंच नव्हतं. माझ्याच्यानं राहवलं नाही. शनिवार आज रात्री संपेल, पण लेक नऊ वर्षं थांबली आहे आणि परवा हॉटेल बंद करायला निघाली आहे, असं मी तोंडावर सांगितलं. रिवाज माणसांसाठी असतो असंही काही मोठं बोलले. परक्याच्या अंगणात बसून इतकं बोलायला नको होतं, हे मला आता कळतं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "माझ्या बापानं पाळलं, मी पाळतो. उंबरा वलांडून जेवायचं न्हाय, येवढंच हाय ते. पन म्हनून लेकीच्या हातचं डब्यातनं लपून खाऊ व्हय? तिनं काय चोरी केलीया का मी?"

आबांनी घरात हाक मारून गरम भाकरी मागवली. ताट माझ्यापुढे ठेवलं, डबा पुन्हा उघडला आणि म्हणाले, "तुमी खावा. मी बगतो."

सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी पोहे खाऊन निघाले होते. तरीही खाल्लं. आबा समोर उकिडवे बसून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. इतके प्रश्न मला आजवर कुठल्या डॉक्टरनं विचारले नाहीत. तिखट आधी कुठे लागलं, जिभेच्या शेंड्याला की घशाला? पाणी प्याल्यावर राहतं की जातं? फोड दाताखाली तुटते की सुटते? तवंग बोटाला चिकटतो का? मी जमेल तशी उत्तरं देत होते आणि आबा दर उत्तरावर हं म्हणत होते. अधूनमधून त्यांच्या चेहऱ्यावर हसू येऊन गेलं. सुवर्णा लांबून जे बघत होती त्यातलं बरंच तिला दिसलं होतं, असा मी त्याचा अर्थ लावला.

शेवटी त्यांनी तोच प्रश्न विचारला जो सुवर्णानं विचारला होता. काय कमी वाटतं? काल मी काही नाही म्हटलं होतं. आज वाटलं, एवढ्या तपासणीनंतर प्रामाणिक राहावं. मी म्हटलं, जरासा आंबटपणा. आम्ही असतो तर दोन आमसुलं टाकली असती.

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

"मटनात आमसूल?"

मी म्हटलं, त्यात काय, पचायलाही बरं. सुवर्णानं उद्या विचारलं तर तिलाही सांगणार आहे.

आता ते खरोखरच काळजीत पडले. हॉटेल बंद होईल याचीसुद्धा त्यांनी इतकी काळजी दाखवली नव्हती. उठून अंगणात एक फेरी मारली. "तुमी सांगितलं तर ती टाकंल," म्हणाले. "परक्याचं लई ऐकती ती. तुमची जीभ नारळानं बिघडल्याली, राग नका मानू, पन तुमच्या जिभंवर इस्वास ठिवून माझ्या लेकीचं रांधप बदलायचं व्हय?" मग उद्या किती वाजता परतणार ते विचारलं, आणि दहाच्या एसटीला फाट्यावर उभा राहतो म्हणाले. मला राग आला होता, पण तो दाखवण्यात अर्थ नव्हता. तीस वर्षं ज्या जिभेवर मुलींच्या भाज्यांना गुण दिले तिची ही किंमत झाली.

निमगाव केतकीला पानमळे आहेत. बस थांबली तेवढ्यात एकानं खिडकीतून विड्याची पानं विकली, ती मी घेतली आणि रात्रीपर्यंत ओल्या रुमालात ठेवून जेवणानंतर खाल्ली. कोवळी होती. इंदापूरला पोचले तेव्हा ऊन रणरणत होतं. बाजारपेठ अजून जुन्या ढंगाची आहे, बारामतीइतकी झकपक नाही. मला ती अधिक जवळची वाटली, कारण तिथे चढायला पायऱ्या होत्या. ज्यानं मला उजनी धरणाकडचा रस्ता सांगितला त्यानं चहाही पाजला आणि तुम्ही कुणाच्या कोण, हे पक्कं झाल्याशिवाय सोडलं नाही.

संध्याकाळी उजनीच्या पाण्याकडे मासे खायला गेले. धरणाचं पाणी इथवर पसरलेलं आहे आणि सगळीकडे मासे मिळणाऱ्या हॉटेलांच्या पाट्या. मासा कुठला, तर चिलापी. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला गोड्या पाण्यातला मासा म्हणजे केवळ उपासाची सोय. मी नाक मुरडूनच बसले. तव्यावरची चिलापी आली, मसाला जाड थापलेला, कडा कुरकुरीत. काटे मोठे असल्यामुळे खायला सोपी. चव सांगायची तर मसाल्याची जास्त, माशाची कमी. मालकानं कशी आहे विचारलं तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडच्या सुरमईची सर नाही. तो म्हणाला, मग सुरमई गोड्या पाण्यात जगवून दाखवा. मी आणखी एक मागवली. चिलापी वाईट नाही, एवढंच लिहिते. आमच्या आळीत कुणी विचारलं तर हेही सांगणार नाही.

रविवार, पुन्हा बारामती

ठरवलं होतं पहाटे उठून नरसिंहपूरला जायचं, भीमा-नीरेचा संगम बघायचा आणि देवाला हात जोडून परतायचं. पण तिकडे गेले असते तर दहाची एसटी चुकली असती, आणि फाट्यावर एक माणूस उभा राहणार होता. नरसिंहपूर राहिलं. जे जातील त्यांनी माझ्या वाटणीचाही नमस्कार करावा.

आबा फाट्यावर होते. धुतलेलं धोतर, खांद्यावर पंचा, हातात मसाल्याची पिशवी. बसमध्ये माझ्या शेजारी बसले, पण बारामतीपर्यंत दोनच वाक्यं बोलले. एक, ऊस यंदा बरा आहे. दुसरं, आमसूल दुसऱ्या कशात टाकता?

रविवार असल्यामुळे कालव्यावर सकाळपासूनच वर्दळ होती. हॉटेल भरलेलं. दत्तानं सासऱ्यांना बघितलं आणि हातातली ताटं तशीच घेऊन उभा राहिला. सुवर्णा आतून आली. उंबऱ्याच्या आतल्या अंगाला थांबली. आबा बाहेरच्या अंगाला थांबले. दोघांच्या मध्ये ते झिजलेलं लाकूड, आणि येणारी-जाणारी गिऱ्हाइकं ते चुकवून आतबाहेर करत होती. मला वाटलं झालं, आता पिशवी देऊन परत फिरतात.

सुवर्णानं विचारलं, "आबा, काढून टाकू का ह्यो उंबरा?"

"कशाला? सासूनं दिल्याला हाय. ऱ्हाऊ दे." आबा मागे वळले. समोरचा दगडी कट्टा त्यांनी हातानं चाचपून बघितला आणि दत्ताला विचारलं, "ह्यो कट्टा कुनाचा?"

नगरपालिकेचा, दत्ता म्हणाला.

"म्हंजे कुनाच्या घरातला न्हाय." आबांनी पंचा झटकून कट्ट्यावर अंथरला आणि मांडी घालून बसले. "वाड मग."

भर दुपारी, वाटेच्या मधोमध, शंभर माणसं बघत असताना. डब्यातून लपून खायला नाही म्हणणारा माणूस तो हाच, हे मला तेव्हा नीट कळलं. माझ्या मनात त्यांच्याविषयी जो राग होता तो तिथेच गेला.

सुवर्णानं ताट आणलं. तिनं ते कट्ट्यावर ठेवलं आणि बाजूला उभी राहिली. आबा आधी अळणी प्याले, मग त्यांनी भाकरी कुस्करली, रस्सा ओतला, एक घास खाल्ला. डोळे मिटले. दुसरा घास खाल्ला. शेजारच्या कॉफीच्या दुकानातली मुलंही बघायला लागली होती.

"मीठ आदी टाकतीस," आबा म्हणाले. "त्यानं फोड जरा आवळती. निम्मं शिजल्यावर टाक."

"आन?"

"आन काय न्हाय."

"आंबट कमी लागतं का? ह्या काकू..." तिनं माझ्याकडे बघितलं. ती ताट वाढत असताना मी दारातून आमसुलाचं बोलून गेले होते.

"त्यांचं ऐकू नगं," आबा म्हणाले. मग घास हातातच ठेवून तिच्याकडे बघू लागले. "तू जेवलीस का?"

ती म्हणाली, गिऱ्हाईक उठल्यावर जेवेन, आम्ही शेवटीच जेवतो.

आबा थोडे सरकले. पंच्याची एक घडी उलगडून त्यांनी आपल्या शेजारी अंथरली. मग दत्ताला सांगितलं, "येक परात आन. आचाऱ्यांनी येकातच जेवायचं असतं."

सुवर्णा जागची हलली नाही. दत्तानं परात आणली, आबांनी आपलं ताट तिच्यात उपडं केलं, वर भाकरी कुस्करली आणि परात दोघांच्या मधोमध सरकवली. तेव्हा ती बसली. पहिला घास तिनं घेतला आणि तिला रडू फुटलं. रस्सा तिखट होता हे खरं, पण त्यामुळे नाही. आबा मटणाच्या फोडी तिच्या बाजूला ढकलत राहिले.

दत्ता म्हणाला, काकू, तुम्हालाही इथेच ताट आणू का? मी नको म्हटलं. त्या परातीला सरपंचानंसुद्धा हात लावायचा नसतो, हे मला शुक्रवारीच सांगून झालं होतं. मला भूक सपाटून लागली होती, म्हणून मी आत गेले, या वेळी उंबरा नीट बघून.